भागाअक्काची चक्की

भागाअक्काच्या घरात आज जेवढी यंत्रं आहेत, तेवढी सगळी माझ्या हातून गेली. मिक्सर, पाण्याची मोटर, फिल्टर, कूलर, कपडे धुण्याचं मशीन, पिठाची चक्की आणि शेवटी फ्रीज. सोनगीरच्या फाट्यावर माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. त्याच जागेवर आमचे आबा पितळी भांडी विकायचे. त्यांनी विकलेल्या परातीमुळे किंवा घागरीमुळे कुणाचं कुणाकडे जाणं-येणं बंद झालं, असं मी कधी ऐकलं नाही. माझ्या मालाबद्दल मला एवढं छातीठोकपणे सांगता येत नाही. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि कळलं तेही भागाअक्कामुळे.

अक्का सत्तरीची. किल्ल्याच्या उताराला जी गल्ली आहे, तिच्या तोंडाशीच तिचं घर. उंच बाई, हाडापेराने मजबूत, हात पुरुषासारखे मोठे. झुलालआबा, म्हणजे तिचे मालक, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा एकच, ज्ञानेश्वर. तो पुण्यात एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. दीर आणि त्याची मुलं सुरतेला कापडाच्या धंद्यात. एके काळी त्या गल्लीत तिच्या भाऊबंदांची सहा घरं नांदती होती. आज पाच घरांना कुलपं आहेत आणि सहाव्यात अक्का आहे.

गावातली माणसं म्हणतात, मुलगा विचारत नाही. साफ खोटं आहे. इतकं विचारणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. झुलालआबा गेल्यावर तो तिला पुण्याला घेऊनही गेला होता. अक्का महिनाभर अकराव्या मजल्यावर राहिली. तिथे तिच्याशी अहिराणीत बोलणारं कुणी नव्हतं. सून सकाळी आठला बाहेर पडायची, नातू शाळेतून क्लासला जायचा. लिफ्टची अक्काला भीती वाटायची, त्यामुळे खाली जाणंही नाही. महिन्याने ती म्हणाली, माले मना घर जाऊ दे. ज्ञानेश्वरने तिला आणून सोडलं आणि त्याच दिवशी तो माझ्या दुकानात आला.

"भटूभाऊ," तो म्हणाला, "आई ऐकत नाही. इथेच राहायचं म्हणते. मग निदान तिला कसला त्रास पडायला नको. जे जे सोपं करता येईल ते करू. मी फोन केला की तुम्ही वस्तू नेऊन बसवून द्यायची."

असं गिऱ्हाईक कुणाला नको असतं? मी मान डोलावली.

पहिल्यांदा मोटर गेली. त्याआधी अक्का गल्लीच्या नळावर हंडा घेऊन जायची. नळाला दिवसाआड पाणी, बायकांची रांग, भांडण, हसणं, सगळं तासभर चालायचं. मोटर बसली आणि पाणी सरळ टाकीत पडायला लागलं. मग मिक्सर गेला. तोवर चटणी वाटायला ती शेजारच्या गल्लीतल्या सुनंदाबाईकडे जायची. चटणीला दोन मिनिटं लागायची आणि अक्का परतायची दीड तासाने. मिक्सर आल्यावर सुनंदाबाई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "काय भाऊ, आमनी अक्का हिसकी लिधी ना तुम्ही." मी हसलो. बाई गमतीत बोलली असं मला वाटलं.

कपडे धुण्याचं मशीन बसवलं तेव्हा अक्का त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मशीन घुमायला लागल्यावर म्हणाली, "हाई मनी दुसरी सून. दिनभर गुरगुर करस, पन एक डाव बी माहेर जात नही." तिचं बोलणं असं होतं. दुसऱ्याला हसवून आपण गंभीर राहायची.

आता चक्कीचं सांगतो, कारण खरी गोष्ट चक्कीची आहे.

आमच्या गावात चिंधाची गिरणी होती. बसस्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. सोमवारी आणि गुरुवारी अक्का डबा घेऊन तिथे जायची. एकट्या बाईला आठवड्यातून दोनदा दळायला लागतंच किती? पण ती मुद्दाम थोडं थोडं न्यायची. आज ज्वारी, परवा कळणं. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ तिला एकटीला आठवडाभर पुरायचं, तरी ती दुसऱ्या दिवशी म्हणायची, ताजं पीठच बरं. गिरणीत एक लांब बाकडं होतं. पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, म्हणून तिथल्या गोष्टी गावभर लगेच व्हायच्या. कुणाची मुलगी बघायला आले, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, सगळं त्या बाकड्यावर. अक्काच्या पदरावर, भुवयांवर पीठ बसलेलं असायचं आणि घरी येताना ती खूश असायची.

तीन दिवाळ्यांपूर्वी ज्ञानेश्वरचा फोन आला. "भटूभाऊ, आई अजून डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जाते म्हणे. पडली-बिडली तर? घरगुती चक्की टाका एक. चांगल्यातली."

टाकली. कपाटाएवढी, पांढरीशुभ्र, वर दाणे ओतायचे, खाली डब्यात पीठ. अक्काला जाळ्या बदलायला शिकवल्या, ज्वारीची कोणती, गव्हाची कोणती. ती लगेच शिकली. मशीन तिला पंधरा मिनिटांत कळायचं.

एकट्या अक्काकडेच गेली असती तर गोष्ट वेगळी होती. पण गावाला चक्कीचं वेडच लागलं. एका वर्षात मी बेचाळीस चक्क्या विकल्या. कंपनीने मला गोव्याची सहल दिली. मी गोव्याहून परत आलो त्या आठवड्यात चिंधाने गिरणीचा पट्टा उतरवून ठेवला. "भाऊ, दिनमा तीन डबा येतस," तो म्हणाला, "लाइटनं बिल बी निंघत नही." त्याच्या तोंडावर राग नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यानंतर अक्काचे फोन सुरू झाले. "भटूभाऊ, चक्की चालस नही." मी दुकान सोडून गेलो, तर बटणच बंद. चालू करून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा बटण बंद. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

"अक्का, बटन बंद शे ना! इतलं बी देखता येत नही का? मना दुकानवर गिऱ्हाईक उभं शे!"

ती खाली बघत म्हणाली, "चुकनं भाऊ. डोकाले समजत नही आते."

चहा घेतल्याशिवाय तिने सोडलं नाही. चहा घेऊन मी निघालो, आणि फाट्यापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पोचलो तेव्हा चहा आधीच शेगडीवर होता आणि ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले होते. पंधरा मिनिटांत जाळ्या बदलायला शिकलेल्या बाईला बटण दिसत नव्हतं, आणि मी ते खरं मानून तिला ओरडलो होतो.

त्या दिवसानंतर तिचा फोन आला नाही. ब्याद टळली असं मला तेव्हा वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

फोन आला तो मागच्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिच्यासाठी रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. त्याचं दळण मोजूनमापून असतं. कुळात जितके पुरुष, तितक्या जणांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे. माणूस घरात असो की परगावी, त्याच्या नावाची मूठ चुकवायची नाही. सोबत हरभऱ्याची डाळ. हे दळायच्या आधी गिरणी धुतात. आणि रोट खायचे ते फक्त कुळातल्या माणसांनी. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते, पण अक्काच्या घरी ती अशी होती आणि कडक होती.

अक्काच्या कुळाची कानबाई थोरल्या घरात, म्हणजे तिच्याच घरात बसते. सहाही घरं नांदती होती तेव्हा त्या दिवशी तीस-चाळीस माणूस तिच्या ओट्यावर जेवायचं. रोट दुपारीच संपायचे आणि पोरं अजून मागायची.

तर शनिवारी सकाळी फोन आला, "भटूभाऊ, चक्की खरंच चालस नही. देवीनी आन."

मी गेलो. बघतो तर चक्कीच्या खाली पाण्याचं थारोळं. वरच्या तोंडातून पाणी, जाळीत पाणी, पीठ पडायच्या डब्यात पाणी. शेजारी रिकामी बादली.

"अक्का, हाई काय करं?"

"धुई टाकी."

"चक्की?"

"मंग? कानबाईनं दयन उष्टी चक्कीवर दयू का मी? चिंधा धुये ना दरसाल."

मी कपाळावर हात मारला. "चिंधानी चक्की दगडनी व्हती! हाई करंटनी शे, अक्का! झटका बसता म्हंजे?"

"झटका बसता ते बसता. पन रोट बाटता नही," ती म्हणाली आणि बादली उचलून मोरीत ठेवून आली.

चिंधाकडे जायची सोय मीच ठेवली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरची चक्की अक्काला चालली नसती. मी वायर काढली, चक्की ओढून ओट्यावर उन्हात आणली, सगळे भाग खोलले, फडक्याने पुसले आणि मोटर सुकत ठेवली. श्रावणातलं ऊन, येऊन जाऊन. मला दुपारपर्यंत तिथेच बसावं लागलं. दुकानात काय चाललं असेल याची काळजी होती, पण इतका वेळ मी त्या घरात कधी बसलो नव्हतो. तीन-साडेतीन तासांत गल्लीतून एक बकरी आणि एक फुगेवाला गेला. त्या ओट्यावर रोजचा दिवस कसा जात असेल ते मला पहिल्यांदाच अंगावर आल्यासारखं कळलं.

अक्का सूप घेऊन माझ्यासमोर बसली आणि मुठी घ्यायला लागली. प्रत्येक मुठीला नाव घ्यायची. ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरचा मुलगा. सुरतेचा दीर. त्याचे भूषण, स्वप्नील, विक्रम, मग त्यांची मुलं. एक मूठ, वर पाव मूठ, आणि नाव. अकरा नावं झाली. सुपात गव्हाचा चांगला ढीग झाला.

"बठ्ठा येतीन का?" अकराही जण येणार का, असं मी विचारलं.

"ज्ञानेश्वर रात्ना गाडीवर बसाव शे. सुरतना बी निंघतस म्हने. भूषण बोलना, काकू, आमन्या मुठी चुकाडू नको, आम्ही उनूतच." ती हसली. "गये साल कोनीच उनं नही. त्यामुये यंदा मी बठ्ठासले आधीच सांगी ठेवं."

"आनि तुमनी मूठ?"

"मनी?"

"हां. अकरा नावं लिधात. तुमनं कोठे शे?"

"बाई मानूसनी मूठ ऱ्हास का कधी? खुया शे का तू?" असं म्हणून ती सूप पाखडायला लागली.

दुपारी चक्की सुरू झाली. मी देवाचे आभार मानले आणि घरी गेलो.

रविवारी कुणी आलं नाही. ज्ञानेश्वरच्या कंपनीत अचानक काही निघालं, त्याची रजा रद्द झाली. सुरतेच्या मंडळींची गाडी नवापूरपर्यंत येऊन बिघडली म्हणे. खरं-खोटं त्यांना ठाऊक. हे सगळं अक्काला कळलं तोवर तिने सगळ्या पिठाचे रोट करून टाकलेले होते, कारण माणसं दुपारच्या जेवणाला येणार होती. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, सगळं अकरा पुरुष आणि त्यांच्या बायकामुलांच्या बेताने.

सोमवारी सकाळी गावातल्या सगळ्या कानबाया वाजतगाजत निघाल्या. अक्का डोक्यावर कानबाईचा पाट घेऊन त्यात चालत होती. बायका गाणी म्हणत होत्या, ती पण म्हणत होती. विसर्जन झालं आणि बायका आपापल्या घरी, आपापल्या माणसांत गेल्या.

मंगळवारी ज्ञानेश्वरचा मला फोन आला. आवाज खरोखर पडलेला होता. "भटूभाऊ, आईकडे खूप रोट उरलेत. या हवेत खराब होतील, तिला फार वाईट वाटेल. आजच एक फ्रीज नेऊन द्या. तिला रोजच्यालाही सोपं होईल."

मी दुपारी टेम्पोत फ्रीज टाकून गेलो. अक्का स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. ताटात रोट कुस्करलेला, त्यावर दूध. बाजूला टोपलीत फडक्याखाली रोटांची चवड. मी मोजले नाहीत, पण बारा-तेरा तरी होते.

"हाई काय लई उना आते?"

"फ्रीज. ज्ञानेश्वरनी धाडं. रोट टिकतीन, म्हने."

तिने घास खाली ठेवला. फ्रीजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "रोट टिकाडाना नही ऱ्हातस. संपाडाना ऱ्हातस. पुनीव शनवारे शे."

एवढंच बोलली. मी कोपऱ्यात फ्रीज लावला, वायर जोडली, आतला दिवा लागतो का पाहिलं. या घरात एवढी यंत्रं मी आणली होती आणि त्यातल्या एकालाही तिच्याबरोबर एक रोट खाता येत नव्हता.

"अक्का, मी खाऊ का एक?" मी विचारलं.

"तू आमना कुयना नही शे ना भाऊ. तुले कसा देऊ?" ती अगदी प्रेमाने म्हणाली, पण टोपली थोडी स्वतःकडे ओढली.

"मंग मी बसस आठे. तुम्ही खा."

"बस. कोनी जोडे बसनं ते घास उतरस."

मी बसलो. बुधवारी गेलो, गुरुवारीही गेलो. ती सकाळी दोन, संध्याकाळी दोन खायची. बाकी काही शिजवायचीच नाही. चणाडाळीचा तो जड रोट, सत्तरीचं पोट. मी म्हटलं, अक्का, कानबाई काही बघायला येत नाही, उरलेले नदीत सोडा. ती माझ्यावर डाफरली. प्रत्येक रोट ती नाव घेतल्यासारखा खायची. "हाऊ भूषणना व्हई," असं म्हणून हसायची सुद्धा. मला हसू येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सुनंदाबाई ओरडत दुकानावर आली. अक्काचं पोट रात्रीपासून बिघडलं होतं, उभं राहवत नव्हतं. आम्ही दोघांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? अक्का म्हणाली, जेवण. ज्ञानेश्वरला कळवायचं नाही, अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली.

शनिवारी, पौर्णिमेला, टोपलीत तीन उरले होते. ते तिने खाल्ले. चंद्र उगवायच्या आत टोपली धुऊन पालथी घातली. मला हे सुनंदाबाईने सांगितलं. मी त्या दिवशी गेलोच नाही. मला बघवलं नसतं.

नंतर वर्षभर मी आठवड्यातून एकदा अक्काकडे चहाला जात राहिलो. यात मोठेपणा काही नाही. बेचाळीस घरांपैकी निदान एका घरात जाऊन बसावं, एवढंच. सुनंदाबाई पण पुन्हा यायला लागली. पण सुनंदाबाईला तिचं घर आहे आणि मला माझं दुकान. आम्ही उठलो की अक्का दारापर्यंत यायची आणि आम्ही वळेपर्यंत उभी राहायची.

यंदा कानबाईच्या आदल्या शनिवारी मी तिच्या फोनची वाट बघितली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच गेलो, न जाणो बाई पुन्हा बादली ओतायची. पण चक्की कोरडी होती. अक्काने ती ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली होती, हळदीकुंकू लावलं होतं, आणि बटणाला पाणी लागू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती.

"शिकनू मी," ती म्हणाली.

सूप तिच्या पुढ्यात होतं. सुपाच्या मधोमध मूठभर गहू आणि त्याला लागून वर पाव मूठ. शेजारी थोडीशी डाळ. मी बसलो. तिने पुढची मूठ घ्यावी म्हणून थांबलो. तिने गव्हाच्या डब्याचं झाकण लावलं.

"अक्का, बाकीन्या मुठी?"

"बाकीन्या नहीत."

"मंग हाई कोननी? ज्ञानेश्वरनी?"

"मनी शे."

मी म्हटलं, "कानबाई रागाई ते?"

"कानबाई बी बाईच शे," अक्का म्हणाली. "तिले समजी. गये साल अकरा जननं मी एकलीनी खादं. यंदा मनं मी खासू." ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती. मला वाटतं तिने हे खूप दिवसांपूर्वी ठरवलं होतं आणि आता त्याचं तिला ओझं राहिलं नव्हतं. मला मात्र ते बघताना इतकं एकटं वाटलं की मी नजर दुसरीकडे फिरवली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्या आवाजावरच असतो. ज्ञानेश्वर होता. पुण्याला गेल्यापासून तो आईशीही शुद्ध मराठीतच बोलतो. सवयीने होतं तसं.

"आई, यंदाही जमेल असं वाटत नाही गं. खूप प्रयत्न केला. सुरतेच्यांचंही तसंच दिसतंय. रागावू नको."

"नही रे. राग कसाना?"

"पण मुठी मात्र घे हं सगळ्यांच्या. चुकायला नको. घेतल्यास का?"

अक्काने सुपाकडे पाहिलं.

"लिधी," ती म्हणाली. "घरमा जितला मानसे शेतस, तितलास्नी लिधी."

"हां, मग झालं," तो म्हणाला. त्याचा जीव खरंच हलका झाल्याचं मला आवाजावरून कळलं. "आणि आता चक्कीमुळे बरं पडत असेल ना? पूर्वीसारखं ताटकळत बसायला नको."

"हा. आते लगेच व्हस."

फोन ठेवून ती उठली. सुपातले गहू आणि डाळ चक्कीत ओतली, पिशवी सोडली आणि बटण दाबलं. तेवढ्या दळणाला चक्की मिनिटभरसुद्धा चालली नाही.